एका वादाचे परीक्षण

प्रस्तुत लेखात ज्या संहितेचे परीक्षण आम्ही योजिले आहे ती कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. तिचा लेखक एक नाही, एकतीस आहेत. तिला प्रकाशक नाही, मुद्रक नाही, आणि मुद्रिते तपासणारा तर नाहीच नाही. उपवासकाळातील एका रविवारी, सकाळच्या मिस्सानंतर साडेनऊच्या सुमारास ती सुरू झाली आणि रात्री अकरा वाजून गेल्यावर संपली. संपली म्हणजे लिहिणारे थकले. आमच्या धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या एका दिवसात 184 संदेश आले. ते सर्व आम्ही पुढे एका दुपारी ओळीने, हातात पेन्सिल घेऊन वाचले. त्या वाचनाचा हा वृत्तान्त.

मोबाईलवरील भांडण हा समीक्षेचा विषय कसा, अशी शंका संपादकांनी विचारली होती. ती रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच की आमच्या धर्मग्रामातील माणसे आज जे मराठी वाचतात आणि लिहितात ते बहुतांशी हेच आहे. कथासंग्रह विकत घेणारी घरे आम्ही बोटांवर मोजू शकतो. हे 184 संदेश मात्र घरोघरी वाचले गेले, काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, आणि त्यांतील तीन वाक्ये एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांला तोंडपाठ म्हणून दाखविली. या पानांवरील आमच्या एकाही लेखाच्या वाट्याला असे भाग्य आलेले नाही. जे वाङ्मय माणसे पाठ करतात, त्याच्याकडे समीक्षकाने पाठ फिरवणे बरे नव्हे.

प्रसंग साधा होता. आमच्या देवळात वेदीच्या डाव्या अंगास एक पांढरा पडदा लावण्यात आला आहे आणि गीतांचे शब्द यंत्राच्या साहाय्याने त्यावर दिसतात. हे शब्द मूळ जुन्या श्रीलिपीत टंकलिखित केलेले होते व ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतले होते. ज्यांचा या व्यवहाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. जुन्या पद्धतीत संगणकाला मराठी कळतच नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृती बसविलेल्या असत, आणि पहिली वेलांटी आपण कागदावर जशी आधी काढतो तशी ती व्यंजनाच्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते आणि दाखविताना मागे आणली जाते. रूपांतर निष्काळजीपणे झाले की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, किंवा बसायला कोणी न मिळाल्यास एका ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळावर लटकते. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र, जो मराठीची खास खूण आहे, तो सरळ रफार होऊन ‘दुसर्या’ असा उमटतो. त्या रविवारी खुद्द ख्रिस्ताच्या नावातील वेलांटी आदल्या शब्दावर गेली होती, आणि तारणाऱ्याच्या जागी पडद्यावर मोडके वर्तुळ होते.

पहिला संदेश एका शिक्षिकेचा. ‘पडद्यावरील अक्षरे मोडलेली दिसतात. गाताना मुले अडखळली. कोणाला दुरुस्ती येत असल्यास कृपया सांगावे.’ साऱ्या संहितेतील सर्वोत्तम गद्य हेच, असे आमचे मत आहे. तीन वाक्यांत काय घडले, त्याने काय बिघडले आणि काय हवे हे सांगून लेखणी थांबते. पुढच्या सतरा संदेशांचा दर्जाही चांगला आहे. यंत्र चालविणारा तरुण कारण सांगतो, एक जण रूपांतराची दुसरी सोय सुचवितो, दुसरा म्हणतो की रूपांतराच्या भानगडीत न पडता गीते नव्याने टंकावीत, आणि एक ताई चाळीस गीतांपैकी दहा स्वतः टंकण्याचे कबूल करते. विनोदही आहे. मोडक्या वर्तुळास कोणी ‘ओस्तिया’ म्हटले आहे. धर्मगुरू म्हणून आम्ही रागावावयास हवे होते, पण हसू आले. यंत्राच्या त्रासाविषयी माणसे बोलतात तेव्हा सहसा चांगले बोलतात. सर्वांचा शत्रू एक असतो आणि तो गटाचा सभासद नसतो.

एकोणिसाव्या संदेशात एक गृहस्थ सुचवितात की देवनागरीखाली रोमन अक्षरांतही शब्द द्यावेत, कारण नव्या इमारतींत राहावयास आलेल्या कुटुंबांना देवनागरी वाचता येत नाही. सूचना सद्हेतूने केलेली आहे. वसईत मुंबईहून आलेली गोवेकर व मंगळूरकर कॅथलिक कुटुंबे आता थोडीथोडकी नाहीत, आणि आमच्या जुन्या आळ्यांतील मुलेही इंग्रजी माध्यमात शिकून मराठी ओळ बोट ठेवून वाचतात. विसावा संदेश पाच शब्दांचा आहे: ‘मग मिस्साही इंग्रजीतच सुरू करा.’

येथून यंत्राचा प्रश्न संपला आणि माणसांचा सुरू झाला. जमिनी कोणी विकल्या, इमारती कोणामुळे आल्या, गायनमंडळात एकाच आळीची माणसे का, लग्नातील डीजेवर बंदी घालणारे स्वतःच्या पुतण्याच्या लग्नात कोठे होते, हे सर्व त्या पडद्यामागून निघाले. यातील एकही प्रश्न खोटा नाही. भाषेचा प्रश्न तर आमच्या समाजाच्या काळजाचा आहे. सामवेदी वा वाडवळी बोलणारी, मराठीत प्रार्थना करणारी, इंग्रजी वा पोर्तुगीज वळणाची नावे लावणारी माणसे आपण. आपल्याला मराठी कोणी शिकविण्याची गरज नाही आणि ती कोणी काढून घेतलेलीही खपत नाही. अशा प्रश्नावर आवाज चढला याचे आम्हांला नवल नाही. नवल आहे ते ज्या भाषेत तो चढला त्या भाषेचे.

त्या भाषेची काही लक्षणे आम्ही टिपून ठेवली. ‘काही लोक’ हा शब्दप्रयोग संहितेत 38 वेळा येतो. ‘काही लोकांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते.’ ‘काही लोक पडद्यामागून सूत्रे हलवितात.’ मराठीत माणसाला दोष द्यावयाचा तर तू, तुम्ही की आपण हे आधी ठरवावे लागते, आणि त्या ठरविण्यातच निम्मा राग ओसरतो. ‘काही लोक’ या कष्टातून सोडविते. ज्याच्यावर बाण सोडला त्याला तो लागतोच; शिवाय ज्यांच्यावर सोडलेला नव्हता अशा दहा जणांनाही लागतो, कारण प्रत्येक जण स्वतःला त्या ‘काहीं’त शोधतो. ‘मी कोणाचेही नाव घेत नाही’ या वाक्यानंतर हमखास असे वर्णन येते की नावाची गरजच उरू नये. चावडीवर टोमणा मारणाऱ्याला निदान समोरच्याची मान कोणीकडे वळते ते दिसे. येथे टोमणा 240 घरांत एकाच वेळी पडतो आणि मारणारा जेवावयास बसलेला असतो.

दुसरे लक्षण विरामचिन्हांचे. आमचे अनेक धर्मग्रामस्थ आता बोलून टंकतात. वाडीत काम करताना हात मातीचे असतात, त्यांना ती सोय उत्तमच. परंतु बोललेल्याचा सूर यंत्र उतरवीत नाही. ‘पुस्तके आणायची की नाही’ हे वाक्य सकाळी 11 वाजून 10 मिनिटांनी एका बाईंनी विचारले. प्रश्नचिन्ह पडले नाही. पुढील नऊ संदेश त्यांना दटावणी समजून उत्तर देतात. दुपारी त्या लिहितात, ‘मी विचारत होते.’ तोवर वाद दुसऱ्या डोंगरावर गेलेला होता.

तिसरे लक्षण क्रमाचे. हे आम्हांला पेन्सिल घेऊन वाचेपर्यंत लक्षात आले नव्हते. दोन माणसे एकाच वेळी लिहीत असतात. एकाने जमिनीविषयी आरोप केला, त्याच मिनिटाला दुसऱ्याने यंत्र चालविणाऱ्या तरुणाचे आभार मानले: ‘अगदी खरे बोललात, धन्यवाद.’ पडद्यावर हे आभार आरोपाखाली येऊन बसले. ज्याच्यावर आरोप होता त्याने ते तसेच वाचले आणि आभार मानणाऱ्याच्या घराण्यापर्यंत मजल नेली. नाटकात एकाचा संवाद दुसऱ्याच्या तोंडी पडला तर प्रेक्षक हसतात. येथे दोन शेजारघरांनी पास्काच्या सणाला एकमेकांकडे ताट पाठविले नाही.

आता या संहितेच्या मध्यभागाकडे येतो. दुपारी एका तरुणाने लिहिले की फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रोमन लिपीतच छापले गेले. तेव्हा रोमन लिपीला नाके मुरडणाऱ्यांनी आधी इतिहास वाचावा. त्यास उत्तर आले की हे धादांत असत्य आहे, मराठी महाकाव्य रोमन लिपीत असूच शकत नाही. मग कोणीतरी अग्रेषित केलेला एक लांबलचक मजकूर आणून टाकला, ज्यात स्टीफन्स यांच्याविषयी पाच विधाने होती आणि त्यांतील दोन चुकीची होती. पंधरा संदेश या दगडफेकीत गेले.

वस्तुस्थिती अशी आहे की तरुणाचे म्हणणे खरे होते आणि त्याने त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा. ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. परंतु ते स्टीफन्स यांच्या आवडीने नव्हे. 1608 मध्ये आपल्या वरिष्ठांना पाठविलेल्या पत्रात त्यांनी लिहिले आहे की या देशाच्या भाषेत आणि या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी आपली अनेक वर्षांची उत्कट इच्छा आहे. अडचण अशी की युरोपातील 24 अक्षरांच्या जागी येथे सुमारे 600 ठसे ओतावे लागतील, आणि ते अशक्यप्राय वाटते. म्हणजे वेलांट्यांनी आणि जोडाक्षरांनी यंत्राला दिलेला त्रास चारशे वर्षांपूर्वीचा आहे. त्या रविवारी आमच्या पडद्यावर जे मोडले होते तेच स्टीफन्स यांना छापखान्यात जुळविता आले नव्हते. ‘ख्रिस्तपुराणा’चा आरंभच मुळी श्रोत्यांच्या एका मागणीतून होतो. धर्मशिक्षणाच्या वेळी एक जण पाद्रींना विचारतो की आमची जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचावयास काय? स्टीफन्स यांनी त्या प्रश्नास टोमणा मानले नाही. त्याचे उत्तर सुमारे अकरा हजार ओव्यांचे झाले.

ही सर्व माहिती आमच्यापाशी होती. सेमिनरीत असताना त्या पत्रावर आम्ही एक टिपणही लिहिले होते. दोन वाजता ते पाच ओळींत गटावर घातले असते तर दोन्ही पक्षांना आपापले निम्मे सत्य परत मिळाले असते. आम्ही ते घातले नाही, कारण धर्मगुरूने भांडणात पडू नये असे आम्हांला वाटले. त्याऐवजी आम्ही काय केले ते पुढे येईलच.

सेमिनरीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आमच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक वृद्ध प्राध्यापक होते. वादाचा तास ते जुन्या पद्धतीने घेत. प्रतिपक्षाचा आक्षेप आधी स्वतःच्या तोंडाने, त्याचे समाधान होईल असा पुन्हा मांडल्यावाचून उत्तर देण्याची मुभा नसे. आम्हांला तो छळ वाटे. एकदा आम्ही आक्षेप मांडता मांडता तोच पटून गप्प बसलो होतो, तेव्हा ते म्हणाले, ‘आज तुझा अभ्यास झाला.’ संत थॉमस अक्वायनस यांचा ‘सुम्मा’ हा ग्रंथ याच रीतीने रचलेला आहे. प्रत्येक प्रश्नाखाली आधी विरोधकांचे आक्षेप, मग एखादे प्रमाणवचन, मग ग्रंथकाराचे विवेचन, आणि शेवटी एकेका आक्षेपास स्वतंत्र उत्तर. देव आहे काय, या प्रश्नावर त्यांनी दोनच आक्षेप दिले आहेत: जगात दुष्टता आहे, आणि जगाचा उलगडा देवावाचूनही होतो. आज सातशे वर्षांनंतर नास्तिकांना याहून सबळ तिसरा आक्षेप सहजी सापडत नाही. विरोधकाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडण्याची ही सभ्यता मठातील शांततेची देणगी नव्हती. पॅरिसचे विद्यापीठ त्या काळी भांडणांनी धुमसत होते.

आपल्याकडील न्यायशास्त्रानेही चर्चेचे तीन प्रकार केले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडणे ती वितंडा. मराठीने यातील पहिला आणि शेवटचा शब्द एकत्र बांधून ‘वितंडवाद’ केला, यात आमच्या भाषेचा अनुभव बोलतो. आमच्या संहितेपुरते सांगावयाचे तर पहिले अठरा संदेश वाद, त्यापुढील सत्तरएक जल्प, आणि दिवेलागणीनंतर जे आहे त्यात स्वतःचा पक्ष मांडणारा एकही संदेश आम्हांला आढळला नाही.

यावर कोणी म्हणेल, पूर्वी असे नव्हते. ते आम्हांला मान्य नाही. 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात धर्मावर जाहीर वाद झाले. जॉर्ज बोवेन यांनी त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तो वाचून कोणाच्या मनात फार गोडवा निर्माण होईल असे नाही. पुण्यात संमतिवयाच्या विधेयकावरून 1891 च्या आसपास जे लिहिले गेले ते आजच्या कोणत्याही गटावर शोभेल. आगरकरांना तर स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहावी लागली. छापखाना आला तेव्हाही मराठी माणूस त्यातून फुले उधळीत बसला नव्हता. पण किनाऱ्यावर माणसे एकमेकांचा आवाज पोहोचेल इतक्या अंतरावर उभी होती, आणि ‘सुधारका’तील लेखास ‘केसरी’त उत्तर द्यावयाचे तर मध्ये आठवडा जाई. त्या आठवड्यात खिळे जुळविणारा मनुष्य तरी मजकूर दोनदा वाचत असे. आमच्या गटावर आरोप आणि उत्तर यांतील सर्वांत कमी अंतर चार सेकंदांचे आहे. चार सेकंदांत आरोप वाचूनही होत नाही.

यापुढची पायरी आपण महाराष्ट्रात पाहिली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठार मारले. अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचहून अधिक ठिकाणी अग्रेषित करता येऊ नये असा निर्बंध कंपनीने घातला, आणि एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी तो एका ठिकाणावर आणला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची 2019 मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हाही आपण ही भाषा अनुभवली. ‘सुबोध बायबल’ उघडून न पाहिलेली माणसे त्यांच्या मराठीविषयी बोलत होती. आणि दुःखाची गोष्ट, त्यांचे समर्थन करणाऱ्या आपल्यांपैकी अनेकांनीही ते उघडलेले नव्हते.

पोप फ्रान्सिस यांनी 2020 च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रकात म्हटले आहे की समाजमाध्यमांवरील मतांच्या तापलेल्या देवाणघेवाणीस आपण संवाद समजतो, पण ती एकमेकींना समांतर जाणारी स्वगते असतात. आदर राखून सांगतो, आमच्या संहितेवरून हे निदान आम्हांला अपुरे वाटते. स्वगत बोलणाऱ्याला दुसऱ्याची पर्वा नसते. आमच्या गटावरील प्रत्येक जण दुसऱ्याकडे डोळे लावून बसलेला होता. कोणी वाचले, कोणाच्या दोन खुणा निळ्या झाल्या, निळ्या होऊनही कोण बोलला नाही, याचा हिशेब चालू होता. ‘हा संदेश हटविला गेला’ ही ओळ संहितेत सात ठिकाणी येते आणि प्रत्येक वेळी खाली ‘काय होते?’ अशी विचारणा आहे. माणसे ऐकत नव्हती असे नाही. ती फारच ऐकत होती, पण बोललेल्यापेक्षा न बोललेले.

आणि म्हणून आमच्या अंगठ्याकडे येतो.

सायंकाळी सहाच्या सुमारास आम्ही एका आजारी बाईंना ख्रिस्तशरीर देऊन पायऱ्या उतरत होतो. मोबाईल पाहिला. संदेश क्रमांक 121, तोच ‘ख्रिस्तपुराणा’चा तरुण: ‘देऊळ कोणासाठी आहे हे फादरांनी एकदाचे ठरवावे. जुन्यांनी आता जागा द्यावी. पुस्तके घरी ठेवावीत.’ आम्ही पहिले वाक्य वाचले आणि खाली अंगठा लावला. आमचा अर्थ होता: वाचले, यावर बसून बोलू. अंगठा लावण्याची ही सोय 2022 पासून आली आहे आणि ती आम्हांला फार आवडे, कारण धर्मगुरूला दिवसाकाठी शंभर ठिकाणी पोच द्यावी लागते.

समीक्षकाने आता विचारावे की हा अंगठा कोणत्या वाक्याचा? तीन वाक्ये आहेत आणि चिन्ह एक. व्याकरणात सर्वनामाचा संबंध कोणाशी, हे ठरविण्याचे नियम आहेत. अंगठ्याला व्याकरण नाही. ‘वाचले’, ‘पटले’, ‘शाबास’, ‘बरे, पुरे’ हे सर्व अर्थ त्यात सामावतात, आणि वाचणारा आपल्या जखमेला जो बसेल तो उचलतो. आमच्या गायनमंडळाचे जुने प्रमुख 78 वर्षांचे आहेत. त्यांनी तो दुसऱ्या वाक्याचा धरला. रात्री 8 वाजून 40 मिनिटांनी त्यांचा संदेश आहे: ‘फादरांची संमती दिसते. आम्ही थांबतो.’ त्याखाली यंत्राने आपल्या भावनाशून्य मराठीत नोंद केली आहे की त्यांनी गट सोडला. आम्ही ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले. मधल्या काळात 39 संदेश आले होते आणि त्यांतील एकानेही त्यांना थांबा म्हटले नव्हते. सर्व जण आमच्या अंगठ्याचे भाष्य करीत होते.

संत इग्नेशियस यांनी ‘आध्यात्मिक साधने’च्या आरंभी एक सूचना घातली आहे. दुसऱ्याच्या विधानाचा होता होईतो चांगला अर्थ लावावा. तो लागत नसेल तर तुला काय म्हणावयाचे आहे असे त्याला विचारावे. ही सूचना आम्ही प्रवचनांत कितीदा तरी सांगितली आहे, आणि सदैव श्रोत्याला उद्देशून. बोलणाऱ्याने आपले विधान विचारण्याजोगे तरी ठेवावे, हा त्याचा दुसरा अर्धा भाग आमच्या ध्यानी आला नव्हता. अंगठ्याला काय विचारणार?

चार दिवसांनी आम्ही त्यांच्या वाडीवर गेलो. केळीच्या सरीत पाणी सोडलेले होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि वर सांगितलेली तीन वाक्ये, त्या तरुणाच्या शब्दांत, एक अक्षर न चुकता म्हणून दाखविली. आम्ही क्षमा मागितली आणि अंगठ्याचा आमचा अर्थ सांगितला. ते म्हणाले, ‘फादर, अर्थ तुमचा होता, पण अंगठा सगळ्यांनी पाहिला.’ यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मग त्यांनी कपाटातून एक जाड वही आणली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आला तेव्हा विशीच्या आत असताना त्यांनी ती लिहावयास घेतली होती. त्यांचे वडील लॅटिन गायनात गावातील पहिले मानले जात. मराठी सुरू झाल्यावर ते पुन्हा कधी गायले नाहीत. ‘तेव्हाही देवळाच्या पायरीवर वाद झाला होता,’ ते म्हणाले. ‘मी मराठीच्या बाजूने होतो. बाबांना मी काय बोललो ते तुम्ही विचारू नका.’

आम्ही विचारले नाही. त्या तरुणालाही त्यानंतर बोलावून घेतले आणि स्टीफन्स यांच्या पत्राची हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता; मग म्हणाला, ‘हे गटावर टाकू का?’ त्याने टाकले, नीट आणि प्रामाणिकपणे, स्वतःच्या निष्कर्षाची चूक कबूल करून. त्याखाली अकरा अंगठे आले.

पडद्याचा निर्णय धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत, समोरासमोर, पावणेदोन तासांत झाला. गीते देवनागरीत राहतील, पहिल्या तीन बाकांवर पुस्तके राहतील, आणि महिन्यातील एका रविवारी सायंकाळी इंग्रजी मिस्सा होईल. या शेवटच्या कलमास सात जणांचा विरोध होता आणि तो इतिवृत्तात त्यांच्या शब्दांत, त्यांना वाचून दाखवून, लिहिलेला आहे. आम्हांला स्वतःला त्या सातांचे म्हणणे आजही निम्मेअधिक पटते.

ती वही सध्या शिक्षिकाबाईंकडे आहे आणि तीवरून गीते नव्याने टंकली जात आहेत. चाळिसांपैकी सव्वीस झाली. जेथे यंत्र ‘दुसऱ्या’चा अर्धा र नीट देत नाही तेथे बाई वहीतील अक्षराचे छायाचित्र काढून यंत्र चालविणाऱ्या तरुणाकडे पाठवितात. वहीचे मालक गटावर परत आलेले नाहीत. रविवारी ते पहाटेच्या, गायन नसलेल्या मिस्साला येतात आणि तिसऱ्या बाकावर बसतात. गेल्या आठवड्यात बाहेर पडताना त्यांनी आम्हांला थांबवून सांगितले की अर्पणगीतात एक अनुस्वार राहिला आहे.